कुरणातली पेनल्टी

माझा दीर ताफिल चांगला माणूस होता, असं मी म्हणणार नाही. तो गेल्यावर पुष्कळांनी म्हटलं, टीव्हीवरही म्हटलं, आणि मी ऐकून घेतलं. चांगला माणूस माझा नवरा होता, ब्राहिम. ताफिल त्याचा धाकटा भाऊ. एकाच आईच्या पोटची दोन पोरं, पण एकाच्या जिभेवर मध आणि दुसऱ्याच्या जिभेवर कातर.

मी लग्न होऊन ब्रेझ्ना ह्या खाणीच्या गावी आले तेव्हा ताफिल नुकताच खाणीच्या फुटबॉल क्लबात घेतला गेला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने चिखलाने कडक झालेली जर्सी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, "वहिनी, रडायचं असेल तर आज रडून घ्या. उद्यापासून वेळ मिळणार नाही." मी म्हटलं, "भावजी, जर्सी धुईन. पण तुमच्या तोंडाला कुठला साबण लावू?" सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या, त्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून आमचं दोघांचं जे जुंपलं ते तो मरेपर्यंत.

क्लबाचं नाव कार्बिद. जुन्या काळी खाणकामगारांच्या डोक्यावर कार्बाइडचे दिवे असायचे, त्यावरून. खेळाडूंची नावं खाणीच्या पटावर, पगार खाणीचा, पण खाली उतरायचं नाही, फक्त खेळायचं. खाली उतरणाऱ्यांना त्याचा राग नव्हता. आठवडाभर शिसं आणि जस्त छातीत भरून घेतलेली माणसं रविवारी नदीपलीकडच्या मैदानावर यायची आणि दीड तास घसा फाडून मोकळी व्हायची. एका बाजूला सर्ब बसायचे, दुसऱ्या बाजूला आम्ही अल्बेनियन. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. शिसं वितळवायच्या भट्टीच्या चिमणीचा धूर ज्या बाजूला यायचा ती बाजू आमची, एवढंच. गोल झाला की सगळे एकदम उठायचे आणि आपापल्या जागी बसायचे. आम्ही तेव्हा भावाभावांसारखे राहायचो, असं हल्ली परदेशी पाहुण्यांना सांगतात. आम्ही शेजाऱ्यांसारखे राहायचो. म्हणजे डोळा एकमेकांच्या कुंपणावर.

ताफिल डावीकडचा बचावपटू. त्याला विळा म्हणायचे. समोरचा चेंडू घेऊन धावत आला की हा जमिनीसरशी घसरत जायचा. चेंडू मिळाला तर मिळाला, नाहीतर पाय. त्याच्या मागे गोलमध्ये उभा असायचा वुकाशिन. उंच, लांब हातांचा, फिकट डोळ्यांचा सर्ब, आमच्याच काठावर राहणारा, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. दोघे जवळजवळ पंधरा वर्षं एका संघात खेळले आणि मैदानाबाहेर एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

सुरुवात कशी झाली ते ब्राहिमने मला सांगितलं होतं. पहिल्याच सरावात वुकाशिन सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ह्याला मेंढ्यांमागून कोणी उचलून आणला?" सराव संपता संपता कोपऱ्यावरून चेंडू आला, दोघांनी उडी मारली, आणि वुकाशिनचं बोट मोडलं. अपघात होता की नव्हता हे ताफिलने कधीच सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "मेंढ्यांना विचारा."

मैदानावर मात्र ते बोलायचे. "सोड!" "माझा!" "डावीकडे बघ, आंधळ्या!" एवढीच भाषा. पण देशभरच्या संघांना त्या दोघांची धास्ती होती. आमच्या गावाएवढ्या गावाने पहिल्या श्रेणीत जाणं म्हणजे बेडकाने डोंगर चढण्यासारखं, आणि कार्बिद एक वर्ष तिथे जाऊन आला. ज्या सामन्यात ते ठरलं, त्यात वुकाशिन बाहेर धावला आणि फसला. रिकाम्या गोलात चेंडू जात होता. ताफिलने खांबावर डोकं आपटून घेत तो बाहेर काढला. भुवई फुटली, रक्ताने डोळा भरला. सगळा संघ त्याच्या अंगावर पडला. वुकाशिन शेवटी आला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उशीर केलास."

ती जर्सी मी तीन पाण्यांतून काढली तरी रक्ताचा डाग गेला नाही.

मग ती वाईट वर्षं आली. बेलग्रेडहून हुकूम आले, खाणीवर नवे साहेब आले. आमच्या कामगारांनी खाणीच्या पोटात बसून संप केला, बाहेर आले ते अर्धमेले होऊन. त्यानंतर हजारोंना कामावरून काढलं, ब्राहिमलाही. शाळांतून आमची मुलं गेली, इस्पितळातून आमचे डॉक्टर गेले. शेवटी क्लबाची पाळी आली. नव्या संचालकाने खेळाडूंना एकेक करून बोलावलं आणि सांगितलं, नव्या सरकारशी इमान राखीन अशी सही करा आणि खेळा. आमच्या मुलांनी सही केली नाही. ताफिल त्यांचा म्होरक्या नव्हता. म्होरक्या व्हायला लोक आवडावे लागतात. पण बाहेर पडताना तो सगळ्यांच्या पुढे होता, आणि त्याच्या काखेत क्लबाचा चेंडू होता.

वुकाशिन दारात टेकून उभा होता. पंधरा वर्षांत मैदानाबाहेर तो पहिल्यांदा बोलला. "चेंडू ठेवून जा. तो क्लबाचा आहे."

ताफिल म्हणाला, "क्लब मी आहे."

"तू डावा बॅक आहेस. चेंडू ठेव."

ताफिलने चेंडू खाली ठेवला. वुकाशिन वाकून घेणार, तेवढ्यात त्याने तो दोन पावलांवरून त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं. ताफिलबरोबरच्या पोरांनी मला सांगितलं की वुकाशिन खाली बसला नाही, ओरडला नाही. रक्त गिळत उभा राहिला आणि चेंडू त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

दुसऱ्या दिवशी पोलीस ताफिलला घेऊन गेले. आठवडा उलटल्यावर सोडलं. तळपायांवर मारलं होतं. ब्राहिमने त्याला पाठीवर घेऊन घरात आणलं. मी कढईत मिठाचं कोमट पाणी केलं आणि त्याचे पाय त्यात सोडले. ते पाय बघवत नव्हते, आणि ते पाय म्हणजे त्याचं सगळं होतं. तोच म्हणाला, "वहिनी, आज जीभ चालत नाही वाटतं? मांजराने नेली का?" मी म्हटलं, "भावजी, तुम्हाला बरं वाटू दे. मग बघते तुमच्याकडे."

नाव कोणी दिलं हे पोलिसांनी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. गावात सगळ्यांना एकच नाव माहीत होतं, आणि त्याचं नाक पट्टीत होतं.

नदीपलीकडे कार्बिद खेळतच राहिला, नव्या पोरांना घेऊन, गोलमध्ये वुकाशिन. नदीच्या ह्या बाजूला आमच्या लोकांनी दुसरा कार्बिद काढला. मैदान नाही, पगार नाही, अंघोळीला ओढा. गावोगावच्या अशाच संघांची वेगळी स्पर्धा सुरू झाली, सरकारच्या डोळ्यांआड. कुणाच्या तरी कुरणात चिनाराच्या खांबांचे गोल रोवायचे, चुन्याऐवजी राख टाकून रेघा मारायच्या, आणि पोलीस येईपर्यंत खेळायचं. आले की खांब उपटून दुसऱ्या गावाला. बाया पाव आणि लोणच्याच्या मिरच्या घेऊन उतारावर बसायच्या. मी सगळ्या संघाच्या जर्सी आता हौदावर धूत होते, थंडीत हात फुटेपर्यंत. ताफिल चाळिशीकडे झुकला होता, लंगडत खेळायचा, तरी एकही पोरगा त्याच्या बाजूने जायला धजत नसे. शिकवायचाही तोच. शिकवणं म्हणजे शिव्या. ज्याला तो शिवी देत नसे तो पोरगा घाबरायचा, आता आपल्याला काढणार म्हणून.

एका वसंतात वरच्या कुरणात सामना होता. गवत ओलं होतं, लोक उतारावर दाटीवाटीने बसलेले. मध्यंतर होऊन थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात दोन गाड्या बांधावरून आत आल्या. पोलीस होते आणि त्यांच्याबरोबर राखीव दलात भरती केलेले गावातले सर्ब. त्यांत वुकाशिन होता. नाक मधोमध वाकडं झालेलं, खांद्याला बंदूक. बंदूक त्याच्या अंगावर दुसऱ्याचा कोट घातल्यासारखी दिसत होती.

खेळाडूंना गवतात पालथं पाडलं. अधिकारी तरुण होता, बाहेरून आलेला, कंटाळलेला. कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं असावं की हा आपला गोलकीपर आणि तो पालथा पडलेला म्हातारा एकेकाळी एका संघात होते. त्याला गंमत सुचली. त्याने वुकाशिनला चिनाराच्या खांबांमध्ये उभं राहायला सांगितलं आणि ताफिलला उठवलं. म्हणाला, "एकच फटका. गोल झाला तर सगळे घरी. अडला तर सगळे माझ्याबरोबर ठाण्यात."

उतारावर आम्ही सगळ्या बाया उभ्या राहिलो. ब्राहिमने माझा दंड धरला होता, त्याची बोटं दोन दिवस उमटलेली राहिली. ताफिलने आयुष्यात पेनल्टी मारली नव्हती. तो अडवणारा माणूस होता. त्याने चेंडू ठेवला, मागे आला, लंगडत धावला आणि मारला. साधा फटका होता, त्याच्या उजव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीवर. मला फुटबॉल काय कळतं, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून एवढं कळत होतं की असा चेंडू वुकाशिन झोपेतही धरेल.

वुकाशिन ताफिलच्या डाव्या अंगाला पडला. चेंडू दुसरीकडून आत गेला.

अधिकारी पोट धरून हसला. वुकाशिनला काहीतरी घाणेरडं बोलला आणि दिलेला शब्द त्याने पाळला. चेंडूत सुरा खुपसला आणि गाड्या निघून गेल्या. उतारावरचे लोक रडत, अल्लाचं नाव घेत खाली धावले. आमची पोरं उठून एकमेकांना मिठ्या मारायला लागली. ताफिल तिथेच उभा होता. पांढराफटक. मी जवळ गेले तेव्हा त्याने फाटलेला चेंडू माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "त्याने सोडला."

ब्राहिम म्हणाला, "सोडला तर सोडला. देवाने त्याला तेवढी बुद्धी दिली. सगळी मुलं वाचली."

"मला भीक घातली त्याने. सगळ्या गावासमोर."

"अरे, ठाण्यात नेलं असतं तर?"

"नेऊ द्यायचं होतं."

दोन्ही भावांचं आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी भांडण झालं. ब्राहिम त्याला म्हणाला की तुझ्या अभिमानाच्या बदल्यात दुसऱ्यांची पोरं मार खाणार होती, तुला लाज वाटायला हवी. त्यानंतर ताफिल वुकाशिनचं नाव घेईनासा झाला. पूर्वी निदान नाव घेऊन शिवी द्यायचा. नाक फुटल्याचा, पायांवर मार बसल्याचा हिशेब त्याला समजत होता. ह्या मेहेरबानीचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं, आणि जे कळत नव्हतं त्याचा तो सगळ्यात जास्त द्वेष करायचा.

युद्धाबद्दल मी थोडंच सांगेन. नाटोची विमानं यायला लागली त्या वसंतात आम्हाला घरांतून काढलं. गल्ली पेटवली आणि रांग करून चालायला लावलं, सरहद्दीकडे. सासूबाईंना ताफिलने हातगाडीवर घातलं होतं. गावाबाहेरच्या फाट्यावर तोंडं झाकलेल्या माणसांनी रांग थांबवली आणि काही पुरुषांना बाजूला काढलं. ब्राहिमला काढलं. ताफिलला नाही, तो लंगडा आणि हातगाडी ओढणारा. ब्राहिमने जाताना मला सांगितलं, आईला पाणी दे. बस. पुढे कुणी मला विचारलं की ब्राहिमचे शेवटचे शब्द काय, तर हेच.

युद्ध संपलं आणि जूनमध्ये आम्ही परत आलो. घराच्या चार काळ्या भिंती उभ्या होत्या. नदीच्या पुलावर परदेशी सैनिक आणि काटेरी तार. सर्ब उत्तरेला, आम्ही दक्षिणेला. त्या उन्हाळ्यात आमच्या पोरांनी काय केलं तेही मी पाहिलं. ह्या काठावर राहिलेल्या सर्बांची घरं जळाली, माझ्यासमोर एका म्हातारीला तिच्याच बाजेसकट रस्त्यावर आणून ठेवलं. मी थांबवलं नाही. मला वाटलं, जळू दे.

वुकाशिनचं घर जळलं नाही. तो बायकोसकट पळून उत्तरेला गेला होता, आणि घर पेटवायला जमलेल्या पोरांच्या पुढ्यात ताफिल जाऊन बसला होता, पायरीवर, काठी घेऊन. दया म्हणून नव्हे. म्हणाला, "घर जाळून काय कराल, गाढवांनो? आमच्या डोक्यावर छप्पर नाही. हे घर मी घेतलं." अशा रीतीने सासूबाई, मी, माझ्या दोन मुली आणि ताफिल असे वुकाशिनच्या घरात राहायला लागलो. त्याच्या ताटांत जेवलो, त्याच्या बायकोने भरलेलं लोणचं खाल्लं. लोणचं चांगलं होतं, हे मी त्या वेळी कबूल केलं नाही. ताफिल घरात झोपत नसे. मागे लाकडांची खोली होती, तिथे पथारी टाकायचा. हिवाळ्यातही. सासूबाई ओरडायच्या, मी ओरडायचे. म्हणायचा, "त्याच्या गादीवर माझी पाठ लागत नाही."

क्लबाचं काय झालं, तर दोन कार्बिद होते ते दोनच राहिले. उत्तरेकडच्यांकडे जुनं मैदान आणि कपाट भरून चषक; आमच्याकडे खाणीच्या राडारोड्यावर सपाट केलेली जागा, जिथे पडलं की गुडघे सोलून निघायचे. नाव दोघांचं एक, जन्मवर्ष एक, पहिल्या श्रेणीतलं ते वर्षही दोघांचंच. भिंतीवर लावायचा फोटोही एकच. त्यांनी त्यातल्या आपल्याच माणसांची नावं खाली छापली, आम्ही आमच्या. एकदा एक परदेशी बाई आली, जुन्या खेळाडूंचा मैत्रीचा सामना भरवायचा म्हणून. तिने ताफिलला विचारलं, तुम्हाला तुमच्या जुन्या सहकाऱ्यांशी पुन्हा खेळायला आवडेल का? ताफिलने दुभाष्याला सांगितलं, "तिला सांग, आम्ही तेव्हाही मैत्रीने खेळत नव्हतो." बाई हसली. तिला वाटलं विनोद आहे.

काही वर्षांनी घरांचे निकाल लागले. ज्याचं घर त्याला परत. वुकाशिनला आमच्या काठावर राहायला यायचं नव्हतं, विकायचं होतं, आणि गिऱ्हाईक ठरलं होतं. आमचं घरही तोवर मदतीतून अर्धं उभं राहिलं होतं. सामान नेण्यासाठी तो एकदा येणार असं कळवण्यात आलं. ताफिलने मला सांगितलं, "वहिनी, कॉफी करायची नाही." आमच्याकडे शत्रू दारात आला तरी कॉफी देतात, आधी कॉफी मग काय ते. मी म्हटलं, "मला शिकवू नका. मी चूलही पेटवणार नाही."

तो आला. बरोबर दोन परदेशी पोलीस, ते फाटकापाशी थांबले. वुकाशिनचे केस गेले होते, खांदे उतरले होते, नाक तेवढं वाकडं. अंगणात उभा राहून त्याने घराकडे पाहिलं, मग जर्दाळूच्या झाडाकडे. म्हणाला, "फांद्या छाटल्या नाहीत तुम्ही."

ताफिल लाकडांच्या खोलीच्या दारात होता. म्हणाला, "आमचं झाड नव्हतं."

वुकाशिन आत गेला, एक खोकं भरून बाहेर आला. त्याला जाता आलं असतं. ताफिलने वाट सोडली नाही.

"कुरणात चेंडू का सोडलास?"

वुकाशिनने खोकं खाली ठेवलं. "काय?"

"बहिरा झालास का? का सोडलास?"

"मी कधी सोडला?"

"माझ्या संघातल्या मुलांसमोर मला भिकारी केलंस."

वुकाशिनचा चेहरा लाल झाला. मी त्याला इतकं चिडलेलं मैदानावरही कधी ऐकलं नव्हतं. "हरामखोरा, मी सोडला नाही. पंधरा वर्षं तुला मागून बघितलं. तू मारलास की चेंडू डावीकडेच जायचा, तुझा पाय दुसरीकडे वळतच नव्हता. म्हणून मी तुझ्या डावीकडे गेलो. तो उजवीकडे कसा गेला ते तुझ्या त्या मोडक्या पायाला विचार. मी आयुष्यात चेंडू सोडलेला नाही. तुझ्यासाठी तर मुळीच नाही."

"खोटं."

"माझ्या आईची शपथ."

"म्हणजे तू आम्हा सगळ्यांना ठाण्यात पाठवणार होतास?"

"मी गोलमध्ये उभा होतो," वुकाशिन म्हणाला. "मला दुसरं काही दिसत नव्हतं."

आणि मग ते दोघे म्हातारे माझ्यासमोर हमरीतुमरीवर आले. एक म्हणतोय सोडलास, दुसरा म्हणतोय हुकला. हाताने खांब दाखवतायत, पाय कुठे होता, गवत कसं ओलं होतं. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी मध्ये गेले. सर्बांची भाषा मला बाजारापुरती येते, पण त्या दिवशी सगळी आली.

मी म्हटलं, "तुमचा गोल गेला खड्ड्यात. माझ्या नवऱ्याला फाट्यावरून कोणी नेलं ते सांग."

वुकाशिनने माझ्याकडे पाहिलं नाही, झाडाकडे पाहिलं. म्हणाला, "मी तिथे नव्हतो."

"कोण होतं ते विचारलं."

"मला माहीत नाही." मग म्हणाला, "माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं. मला त्यांच्यातच राहायचंय."

मी त्याच्या खोक्यावर थुंकले. त्याने बाहीने पुसलं, खोकं उचललं आणि निघाला. ह्या वेळी ताफिलने वाट दिली. फाटक लागल्याचा आवाज आल्यावर ताफिल म्हणाला, "निदान खोटं बोलला नाही." मी त्याला म्हटलं, "भावजी, आता तुम्ही एक शब्द जरी बोललात तर ही कुऱ्हाड तुमच्या डोक्यात घालीन." आणि खरंच घातली असती. त्याला ते कळलं असावं. तो चार दिवस माझ्यासमोर आला नाही.

पण एक गोष्ट झाली. त्या दिवसापासून तो घरात झोपायला लागला. पुढे आम्ही आमच्या घरी गेलो तेव्हाही. त्याने कधी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वुकाशिनवर विश्वास ठेवला असेल, नसेल. कुणीतरी आपल्याला भीक घातली ह्यापेक्षा आपण त्याला हरवलं हे त्याला बरं वाटलं असणार. माणसाला काय हवं असतं बघा.

ब्राहिम दोन वर्षांनी सापडला. सर्बियातल्या एका खड्ड्यातून आमच्या गावच्या काही जणांची हाडं आली, तपासणी करून, छोट्या पेट्यांत. पेटी एक माणूस उचलू शकेल एवढी हलकी होती, तरी कार्बिदच्या पोरांनी ती खांद्यांवर घेतली. ताफिल पुढे होता. लंगडत असल्याने पेटी हलत होती. मागून कुणीतरी म्हणालं, दुसऱ्याला द्या. त्याने वळून असं पाहिलं की पुन्हा कुणी बोललं नाही.

त्यानंतर तो राडारोड्यावरच्या संघाला शिव्या देत राहिला. त्याच्या हाताखाली कार्बिद आमच्या नव्या देशाच्या वरच्या श्रेणीत गेला. बढती मिळवून देणाऱ्या शेवटच्या सामन्यात तो स्वतः नव्हता, कारण आधीच्या आठवड्यात त्याने पंचाला ढकललं होतं आणि बंदी आली होती. शेजारच्या छपरावर चढून त्याने सामना बघितला. कौलं फुटली. भरून द्यायला तो तयार नव्हता. म्हणाला, कौलंच कच्ची होती.

छातीचं दुखणं घेऊन तो गेला. लहानपणापासून भट्टीचा धूर प्यालेल्या आमच्या सगळ्यांचं दुखणं तेच. शेवटच्या दिवसांत बोलायला दम पुरत नव्हता, तेव्हा डोळ्यांनी शिव्या द्यायचा. मी त्याला चमच्याने पाणी पाजत होते. एकदा कसंबसं म्हणाला, "वहिनी, मीठ कमी आहे." पाण्यात. मी म्हटलं, "भावजी, मेलात तरी खोड जायची नाही." त्याला हसू आलं, आणि हसण्याने खोकला आला, आणि मला वाईट वाटलं.

नदीपलीकडून कोणी आलं नाही, कोणी येईल असं वाटलंही नव्हतं. आमच्याकडे तीन दिवस पुरुष बसायला येतात, सिगारेटी ओढतात, गेलेल्याचं चांगलं बोलतात. फुटबॉल संघटनेचा एक जाडा माणूस येऊन खिलाडूपणावर बोलला. ऐकणारे खाली बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक अनोळखी म्हातारा दारात आला, काठी टेकत, उजवा पाय ओढत. प्रिझरेनहून बस बदलत आला होता. नाव शाचिर. मी विचारलं, तुम्ही ताफिलचे कोण? म्हणाला, "कोणी नाही. मी प्रिझरेनचा उजवा विंगर. हा पाय तुमच्या दिराने मोडला."

मी म्हटलं, त्यांच्या वतीने माफी मागते.

"माफी नको. मी खात्री करायला आलोय, खरंच पुरला ना?"

मग कोपऱ्यातून माझा जावई हसला, आणि सगळी खोली हसायला लागली, दोन दिवसांत पहिल्यांदा. शाचिरला वरच्या बाजूला बसवलं. त्याने कॉफी घेतली, मग फ्लियाचे, म्हणजे आमच्या थरांच्या पोळीचे, दोन मोठे तुकडे खाल्ले, आणि पाय कसा मोडला ते सांगायला लागला. पाऊस होता, तो चेंडू घेऊन सुटला होता, समोर फक्त गोलकीपर, आणि मागून हा आला. त्याने टेबलावर साखरेचा डबा गोल म्हणून ठेवला, कप इकडेतिकडे सरकवले. संध्याकाळ होईपर्यंत सांगत होता. जाताना मला म्हणाला, "त्या वर्षी मला बेलग्रेडचा संघ घेणार होता. मी आयुष्यभर बेकरीत काम केलं. तुमचा दीर महाहलकट होता."

मी म्हटलं, "होता."

माझ्या जावयाने त्याला बसपर्यंत सोडलं. वाटेत म्हणे तो राडारोड्यावरच्या मैदानापाशी थांबला. पोरांचा सराव चालू होता. थोडा वेळ बघून म्हणाला, "डावा बॅक फारच मऊ आहे."